दत्तोबाभाऊची जर्मलची चकरी

सोमवार, २७ आक्टोबर १९३०

दुसऱ्याचं पारसल फोडायचं नसतं. हमालाचा बिल्ला देताना ठेसनमास्तरांनी मला पैली गोष्ट हीच सांगितली हुती. आज मी फोडलं.

ही वही पन मास्तरांनीच दिली. म्हनले, "गेनू, तुझं अक्षर बघून शाळेनं तुला चौथीत सोडलं ते बरंच केलं. रोज चार ओळी लिही, सुधारेल." आता रोज काय 'गाडी आली, गाडी गेली' लिवू? म्हून जे घडलं ते लिवतो.

पारसल दत्तोबाभाऊचं हुतं. भाऊ म्हंजी नदीकडल्या फाटकावरचा गेटमन. म्हमईच्या कुठल्या दुकानाची चिठ्ठी वर डकवल्याली. ज्याला उभ्या जन्मात येक कारड आलं न्हाई, त्याला म्हमईस्नं खोका कशाचा येतो? माल-धक्क्याच्या मागं जाऊन मी खिळे काढले. आत पेंढ्यात गुंडाळल्याली तीन चाकं. येक पितळंची, येक लाकडाची, येक जर्मलची, म्हंजी आमच्या घरात भात शिजवायचं पातेलं असतं तसल्या पांढऱ्या धातूची. मधी येक खिळा, खिळ्यावर चाक, चाकाला दोन बोंडं. फिरवलं की फिरतच ऱ्हातं.

मंग वळाकलं. वळवनच्या धरनावर साहेब लोकं गळाच्या काठीला लावत्यात ती चकरी. भाऊला मासं धरायचं येड लागलं म्हना की!

पितळंची फिरवली की कर्रर्र वाजायची. पानीवाला सखाराम बाकड्यावर झोपला हुता, त्याच्या कानाशी फिरवली. त्यो "साप साप" करत रुळावर गेला. लय हासलो. पन मला बघायचं हुतं की आत वरडतंय कोन. मागचं झाकन काढलं तर दातऱ्यावर येक बारकी लोखंडी जीभ टेकल्याली. नखानं उचलाया गेलो आन जीभ उडून नाल्यात. घंटाभर शोधली, घावली न्हाई. आता ती चकरी मुकी झाली.

तसंच पेंढ्यात गुंडाळून खिळे ठोकले. उद्या फाटकावर न्यायचंय. भाऊ फिरवून बघंल आन माजा कान पिळंल.


मंगळवार, २८ आक्टोबर

कान वाचला. पन का वाचला ते कळंना.

मी पारसल टेकवलं तवा भाऊ फाटकाच्या लोखंडी खांबाला हात लावून उभा हुता. त्याची ही जुनी खोड हाय. जनू त्यो हात काढंल तर खांब पडंल. मी मागनं म्हनलं, "भाऊ, पारसल!" ढिम्म न्हाई. मंग सरूमावशी, त्याची बायकू, खोलीतनं आली, त्याच्या म्होरं गेली, तोंडाकडं तोंड केलं आन म्हनाली, "पारसल आलंय." लगी वळला. मावशीची बी ही खोडच हाय. कुनी काय बोललं की ती परत बोलती. भाऊला समदं तिच्याच तोंडनं आयकाया आवडतं. लय लाडकी बायकू.

लोनावळ्याच्या येका साहेबानं दुकानाला चिठ्ठी लिवून दिली हुती, की तीन धाडा, येक ठिवील, दोन परत येतील. भाऊनं त्यासाठी दोनातली येक शेळी इकली. मी म्हनलं, "भाऊ, मासं खायासाठी शेळी इकली? शेळीच खायाची की!" मावशी हासली न्हाई.

मंग भाऊनं तिन्ही चकऱ्या ओळीनं खुंटीला लावल्या. येकेकीला रेशमाचा दोरा गुंडाळला, दोऱ्याच्या टोकाला येक चिंचोका बांधला, आन सोडला. चिंचोक्याच्या वजनानं चाक फिरतं का ते बघाया. पितळंचं जड, हाललंच न्हाई. मी म्हनलं, ह्यो काय बारकी मुरी मासळी धरनार हाय काय? चिंचोक्यायेवढा मासा गळाला लागत न्हाई, ताटात बी दिसत न्हाई.

मंग त्यानं पितळंची हातात घितली. मी दोन पावलं दाराकडं सरकलो. त्यानं बोंड धरून जोरात फिरवली. काय आवाज न्हाई. येक न्हाई, दोन न्हाई. भाऊनं तोंड वाकडं केलं आन म्हनला,

"ही लय वरडती. ही नगं."

मी गार. म्हंजी त्यानं वळाकलं! आन सरळ न बोलता टोमना मारतोय. मी मावशीकडं बघितलं. मावशी माज्याकडं बघत हुती, आन तिचं तोंड पांढरंफटक पडलं हुतं. म्हनलं, हिला बी कळलं. आता दोघं मिळून मला खेळवनार.

मी म्हनलं, "व्हय भाऊ, लय वरडती."

"बघ," भाऊ मावशीला म्हनला, "ह्याला बी पटलं."

बेरका मानूस. मी येवढ्या खोड्या काढल्या, पन असा थंड टोमना मला जमला न्हाई.


शुक्रवार, ३१ आक्टोबर

पितळंची बाद झाली. लाकडाची का जर्मलची ते ठरंना, म्हून भाऊ म्हनला डोहावर चल. गळ टाकायचं काम माज्याइतकं ठेसनावर कुनालाच येत न्हाई. मावशी फाटकावर ऱ्हायली, आमी दोन गाड्यांच्या मधल्या टायमाला गेलो.

वाटंत मी त्याला इचारलं, तुमाला ह्यो नाद लागला कसा? त्यो म्होरं चालत ऱ्हायला. मी पळत जाऊन म्होरं उभा ऱ्हाऊन इचारलं तवा सांगाया लागला.

"वळवनला येक साहेब बघितला. खुर्चीत घोरत पडल्याला. टोपी तोंडावर. पन अंगठा चाकाच्या कडंला. मासा लागला, तसा अंगठ्यानं त्याला उठिवला. साहेब झोपला हुता, अंगठा जागा हुता." आन आपल्या अंगठ्याकडं बघत बसला.

डोहावर लाकडाची लावली. हाताला गोड लागती, ऊन लागती. मला तीच आवडली. तासाभरात येक हातभर खडस लागला. चाक असं सुटलं की माजं बोट चिरलं. मी "भाऊ! भाऊ!" करत नाचतोय, आन हा मासा सोडून चाकच बघतोय. म्हनला, "मोठा वढला तर कुनालाबी कळतं. बारका वढला तर कळंल का, ते बघ."

मंग लाकडाची पान्यात बुडवून काढली. थोड्या वेळानं फिरवली तर जड. लाकूड फुगलं. "सकाळी दंव पडतं," भाऊ म्हनला, "तवाच दगा दिल ही."

आता मासं सकाळच्या दवात कोन धरतं? मंग जर्मलची. तिचं येगळंच. येकदा फिरवली की मी तंबाखू मळून, चुना लावून, तोंडात टाकीस्तोवर फिरत हुती. चिंचोका काय, नुसता दोरा हाललेला बी तिला कळतो. पन तिला आवर न्हाई. अंगठा जरा ढिला पडला की दोऱ्याच्या नुसत्या जटा. मी अर्धा घंटा जटा सोडवत बसलो. म्हनलं, "भाऊ, हिला राखायचं म्हंजी रोज बायकूचा रुसवा काढायचा."

भाऊ म्हनला, "पन ती खोटं बोलत न्हाई."

खडस त्यानं घरी न्हेला न्हाई. मलाच दिला.


रविवार, २ नवंबर

जर्मलची ठिवली. बाकीच्या दोन परत धाडाया माज्याकडं दिल्या. आज नाला परत खरवडून काढला, जीभ घावली. उलटी बसली का सुलटी देव जानं, पन वाजती. देव पावला.

इचार करतोय. येवढ्या चांगल्या दोन सोडून त्यानं सगळ्यात द्वाड चकरी का घितली? पितळंची दिसाया राजा. लाकडाची हाताला मऊ. मी आसतो तर पितळंची घितली आसती, आन चावडीवर सगळ्यांच्या म्होरं वाजवली आसती. भाऊनं असं बघितलंच न्हाई. जसं काय त्याला मासं धरायचंच न्हाई.


गुरुवार, ६ नवंबर

सरूमावशी आज आंबीला गेली, लेकीच्या बाळंतपनाला. महिनाभर यायची न्हाई. गाडीत बसताना माजा दंड धरला आन म्हनाली, "गेनू, भाऊच्या वाटंला जाऊ नगंस. खोड्या काढाया गाव पडलंय." मी म्हनलं, मावशी, मी काय केलं? तर डोळं पुसाया लागली. लेकीसाठी रडत आसंल.

भाऊ आता दिसभर चकरी कमरंच्या पट्ट्याला लावून फिरतो. फाटक लावाया गेला तरी लावूनच. अंगठा कडंला. समदं गाव हासतंय. कस्तुरामावशी, नदीपल्याडची, सोता बैलगाडी हाकती आन तोंडानं तिचा हात कुनी धरनार न्हाई, ती आज भाताचं भारं घेऊन चालली हुती. म्हनाली, "काय रं दत्तोबा, रुळावर मासं धरतूस व्हय? लागला तर मला येक दे, शेपटीकडला!"

भाऊ नुसता हासला. त्याला कुनी काय बी बोला, नुसता हासतो.


सोमवार, १० नवंबर

आज मला समदं समाजलं! इतका हासलो की पोट दुखलं.

झालं काय, पारसलाची कागदं द्याया फाटकावर गेलो. भाऊ म्होरं बसला हुता, मी मागल्या खिडकीतनं डोकावलो. भाऊच्या कमरंच्या चकरीतनं दोरा निघतो, त्यो भुईवरनं, दाराखालनं खोलीत येतो, आन वर घंटीला बांधल्याला! ठेसनातनं मास्तरांनी कळ दाबली की ही घंटी वाजती आन भाऊ फाटक लावतो. तिच्या टोला हाननाऱ्या दांडीला दोरा.

म्हंजी काय? म्हंजी भाऊ सोताच दोरा वढून घंटी वाजवतो! गाडी नसताना. घंटी वाजली की फाटक बंद, फाटक बंद झालं की कस्तुरामावशी भाताच्या गाडीवर बसून शिव्या घालनार, आन भाऊ गालात हासनार. म्हून चकरी! बसल्या जागनं दोरा सोडाया, गुंडाळाया. म्हून त्यो नुसता हासतो!

आरं तिच्या. मी ह्याला साधा मानूस समजत हुतो. ह्यो तर माज्याच गोतातला निघाला. पितळंचा टोमना मारला तवाच मला वळकाया पायजे हुतं.

आता त्याला दाखवतो की गुरू कोन.


मंगळवार, ११ नवंबर

आज जे केलं ते लिवतो.

दुपारी, भाताच्या गाड्यांची गर्दी असती तवा, मागल्या खिडकीतनं हात घालून मी दोरा घंटीचा सोडला आन खोलीमागं बांधल्याल्या शेळीच्या पायाला बांधला. मंग शेनी रचल्याल्या हुडव्यामागं लपलो.

शेळीनं पाय हालवला. भाऊ ताडकन उठला, फाटक लावलं. दोन्ही बाजूला गाड्या थांबल्या. आगगाडी काय येईना. उघडलं. शेळीनं परत पाय झाडला. परत लावलं. असं चार वेळा. कस्तुरामावशी गाडीवर उभी ऱ्हाऊन वरडत हुती, "आरं मुडद्या, फाटक हाय का भातुकली! माजं बैल म्हातारं झालं हितं उभं ऱ्हाऊन!" मी तोंडात मुंडाशाचा शेव कोंबून हासत हुतो. भाऊचा चेहरा कसनुसा झाला हुता. चकरीकडं बघत हुता, अंगठा पुसत हुता, परत ठिवत हुता. मला वाटलं, नाटक बी काय करतो बेट्या!

मंग शेळी बसली रवंथ करत.

आन घंटी वाजली. खरी. मास्तरांची. त्रन त्रन त्रन त्रन. मला हुडव्यामागं आयकू आली. भाऊ खोलीच्या दारात, घंटीपास्नं दोन हातावर, पाठ करून उभा. हालला न्हाई.

मी म्हनलं, आता ह्यो माज्यावरच उलटवतोय. बघू कवर थांबतो.

भाऊनं फाटक उघडलं आन कस्तुरामावशीला हात केला, "चला, चला, मावशी." बैलगाडी रुळावर आली. चाक दोन रुळांच्या मधी आडकलं. वर भाताचा डोंगर. घंटी वाजतीच हाय. खिंडीकडं बघितलं, धूर न्हाई. पन धूर कुठनं असनार! आता बिजलीची गाडी येती, तिला धूर नसतो. पैलं येक मैलावरनं झाडावर धूर दिसायचा, भाऊ धूर बघूनच फाटक लावायचा...

मी उठलो. वरडलो, "भाऊ! घंटी! गाडी!" जीव खाऊन वरडलो. तारंवरचा कावळा उडाला. बैलांनी कान टवकारलं. कस्तुरामावशीनं मान वळवली. पल्याडच्या शेतातली मानसं वाकल्याली सरळ झाली.

भाऊ वळला न्हाई.

मला त्या वक्ताला पितळंची चकरी दिसली. मुकी चकरी. "ही लय वरडती, ही नगं."

मी पळालो. बैलाची शेपटी पिरगाळली, चाकाला खांदा लावला. अंगात कुठनं बळ आलं ठावं न्हाई. तेवढ्यात भाऊच्या अनवानी पायाला रुळाची गुनगुन लागली आसंल, त्यो सोताच दचकून वळला, मला बघितलं, आन दुसऱ्या चाकाला खांदा दिला. बैलगाडी पल्याड गेली. मागली भाताची पेंढी रुळावर पडली, ती आगगाडीखाली गेली. भात कसा उधळला, जसा लगनात.

गाडी गेल्यावर कस्तुरामावशी खाली उतरली. तोंड पांढरं. भाऊच्या छातीवर बोट मारत म्हनाली, "कान हायत का बिळं? भैरा हायस का रं तू?"

ती शिवी दिल्यावानी म्हनाली. भाऊ तिच्या तोंडाकडं बघत हुता. त्याला तेवढं बरुबर समजलं. त्याचा त्यो चेहरा मला परत कवा दिसू नये.

माजं हसू मेलं.


बुधवार, १२ नवंबर

काय लिवू.

समदं उलटं बसत चाललंय. मावशी त्याचं कान हुती. म्हून ती तोंडाकडं तोंड करून बोलायची. ती आंबीला जानार म्हून शेळी इकून चकरी आनली. चालता चालता दोरा सुटाया पायजे, पन घंटीची दांडी वढली जाऊ नये. म्हून जड पितळंची नगं. दवात फुगू नये, म्हून लाकडाची नगं. बारक्यात बारकं कळाया पायजे, म्हून द्वाड जर्मलची. मासं नव्हतंच त्याच्या मनात. त्याला गाडी धरायची हुती.

आन मी ती शेळीच्या पायाला बांधली.

भाऊची नोकरी चैत्रात सपती. तवर रेल्वेच्या साहेबाला कळलं की कान गेलं, तर नोकरी बी गेली आन खोली बी. येवढी वर्सं फाटक राखलं ते पान्यात.

पन दुसरं बी खरं हाय. कान न्हाई त्यो फाटकावर कसा? मी शेळीला दोरा बांधला नसता तर काय झालं नसतं. पन दोरा कधी उंदरानं तोडला तर? चौथीपातूरच्या पुस्तकात ह्ये नव्हतं.

मास्तरांनी उद्या चौकशी ठिवली हाय.


गुरुवार, १३ नवंबर

मास्तरांच्या खोलीत भाऊ, कस्तुरामावशी, मी, आन दारात निम्मं ठेसन. मास्तर म्हनले, "दत्तोबा, घंटी मी स्वतः दाबली होती. वाजली की नाही वाजली?"

भाऊ मास्तरांच्या तोंडाकडं बघत हुता. पन मास्तरांच्या मिशा दाट. त्याला काय कळलं न्हाई. त्यो नुसता हासला. मास्तर चिडले. "हसताय काय? ऐकू आली की नाही?"

मी म्होरं झालो. आन येक गोष्ट मी मुद्दाम केली. भाऊकडं पाठ केली. त्याला माजं तोंड दिसलं आसतं तर त्यो "न्हाई न्हाई, असं न्हाई" म्हनाला आसता. त्यो खोटं बोलनारातला न्हाई.

मी म्हनलं, "मास्तर, त्यांना कशी आयकू येनार? मी घंटीत चिंधी कोंबली हुती. गंमत म्हून."

सखाराम म्हनला, "मला वाटलंच! ह्यानंच माज्या कानाशी साप सोडला हुता." आन समद्यांनी माना हालवल्या. कुनालाच नवल वाटलं न्हाई. खोड्या काढून नाव कमावल्याचा येवढाच फायदा झाला.

पन कस्तुरामावशी! तिनं घंटी आयकली आसंल की. ती तितंच हुती. मी तिच्याकडं बघितलं. ती भाऊकडं बघत हुती, लय येळ. मास्तरांनी इचारलं, "तुम्ही ऐकली का घंटी?" मावशी पदर सारखा करत म्हनाली, "न्हाई बया. मला तर काय आयकू आलं न्हाई."

तिला खरंच आयकू आलं न्हाई का? येवढी वाजत हुती. का शिव्या देन्याच्या नादात ऱ्हायली? मला कळलं न्हाई. पन बरं झालं.

मास्तरांनी माजा बिल्ला घितला. "वही मात्र ठेव," म्हनले, "आणि यापुढं फाटकाजवळ दिसलास तर चौकीत देईन." मंग भाऊच्या म्होरं जाऊन, मिशा बाजूला सारत, सावकाश, येकेक शब्द करून सांगितलं, की ह्यानं तुमच्या घंटीत चिंधी कोंबली, तुमची चूक नाही.

भाऊ माज्याकडं वळला. ती नजर मी इसरनार न्हाई.


शनिवार, १५ नवंबर

घरी आबांनी जेवन बंद केलं, आय चोरून देती. बिल्ल्याची जागा छातीवर अजून जड लागती.

आज भाऊ नदीवर घावला. मी काय बोलायच्या आत त्यानं कानफाटात ठिवून दिली. "दोरा शेळीला बांधलास ते बांधलास," त्यो म्हनला, "वर घंटीत चिंधी? मानसं मेली आसती, गेन्या!" आवाज रडल्यावानी.

मला सांगायचं हुतं, की भाऊ, चिंधी नव्हती. तुमच्यासाठी बोललो. पन कसं सांगू? हळू बोललो तर त्याला आयकू येनार न्हाई, आन व्हटावरनं त्याला दोन-चार शब्दच कळत्यात, येवढं लांबडं न्हाई. वरडलो तर घाटावर धुनं धुनाऱ्या बाया आयकनार. लिवून द्यावं तर त्याला वाचता येत न्हाई. म्हून खुना कराया गेलो. त्याच्याकडं बोट केलं आन माज्या कानाला हात लावला, की भाऊ, तुमाला आयकू येत न्हाई ह्ये मला ठावं हाय.

त्यानं बघितलं. माज्या कानावरला हात बघितला. त्याचा राग हळूहळू उतरला. माज्या पाठीवर हात ठिवला आन म्हनला,

"बास. धरलास कान, झालं. परत करू नगंस."

त्याला वाटलं मी कान धरून माफी मागतोय.

मी दुसरा कान बी धरला.


मंगळवार, १८ नवंबर

आताशा मी फाटकाच्या समोरल्या बांधावर बसतो, हातात गळाची काठी, मधी नदी न्हाई का डबकं न्हाई. मास्तरांनी हाटकलं तर म्हननार, बांध माज्या चुलत्याचा हाय. मला हितनं घंटी आयकू येती. भाऊनं दोऱ्याला नवी गाठ मारलीय, दोरा वरनं, पत्र्याखालनं न्हेलाय, शेळीला पोचनार न्हाई. घंटी वाजली की मी भाऊकडं बघतो. माज्या मनात येक दोन तीन म्हनीस्तोवर त्याचा अंगठा उठतो आन मंग भाऊ उठतो. आजपातूर येकदाबी चुकला न्हाई. चुकला तर मी हाय. मावशी येईस्तोवर मी हाय.

कस्तुरामावशीचं काय बिघडलंय कोन जानं. पैलं शिव्या घालत फाटकातनं जायची. आता गाडीवरनं उतरती, भाऊच्या म्होरं जाती, तोंडाकडं तोंड करून म्हनती, "जाऊ का रं, दत्तोबा?" आन सोता दोन्हीकडं बघून मंगच बैल हाकती.

दुपारी भाऊनं बांधावर येऊन मला अर्धी भाकर दिली. म्हनला, "काम गेलं तुजं. माजी जीभ मास्तरांम्होरं वळली आसती तर मी तुज्यासाठी बोललो आसतो. पन मला बोलाया येत न्हाई." मी मान हालवली. भाकर खाल्ली. भाऊला वाटतं त्यानं मला माफ केलं. त्याला बरं वाटतंय. वाटू दे.

ज्याला कुनाला ही वही घावंल, ज्यानं हितपातूर वाचलं आसंल, त्याच्या मी पाया पडतो. मास्तर, तुमी आसाल तर तुमच्या बी. कुनाला सांगू नगा. चिंधी मीच कोंबली असंच म्हना. कुनी इचारलं तर म्हना, गेन्या लय वंगाळ, त्याला मारला पायजे. मारा बी. पन भाऊचं सांगू नगा. चैत्रापातूर तर न्हाईच. आन चैत्र गेल्यावर बी, देवाशप्पत, त्याला सोताला सांगू नगा. कारन त्याला सांगायचं म्हंजी वरडूनच सांगावं लागंल.